फाटकातून गाडी आत आली की घरात कळायला हवं : सेन्सर कुठला घ्यावा? (बडोदे)

कलालीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या लोकांचा सल्ला हवा आहे, बाहेरच्यांचाही चालेल.

आईबाबा कलालीच्या बाजूला राहतात. प्लॉट लांबट आहे. रस्त्याला लागून लोखंडी फाटक, तिथून घरापर्यंत साधारण ४० मीटर पेव्हर ब्लॉकची वाट, दोन्ही बाजूंना आंबे आणि एक मोठा कडुनिंब. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. आई दिवसभर मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात नाहीतर बागेत. फाटक दिवसा उघडंच असतं, कारण दूधवाला, गॅसवाला, कामाच्या बाई, शेजाऱ्यांची ये-जा. गाडी पायरीशी येऊन उभी राहिली की मगच यांना पत्ता लागतो. मध्यंतरी एक अनोळखी टेम्पो आत आला, वळवून निघून गेला, आणि हे संध्याकाळी शेजारच्या वहिनींकडून कळलं. काही झालं नाही, पण मी पुण्यात बसून तेव्हापासून काळजीत आहे.

आधी एक मोशन सेन्सरवाली बेल लावली होती. कुत्रा आला की वाजायची, वानरं उतरली की वाजायची, दुपारी वारं सुटलं की वाजायची. शेवटी आईने तिचं बटणच बंद केलं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दिवसभर उगाच वाजणाऱ्या घंटेकडे कोण आणि किती वेळा उठून बघणार?

गाडी आली की घरात कळावं, बाबांनाही कळावं आणि आईला त्रास होऊ नये, एवढंच हवं आहे. ऑनलाइन 'ड्राइव्हवे अलार्म' म्हणून ढीगभर प्रकार दिसतात. कोणी काही वापरलं आहे का?

---

दांडियाबाजार

फाटक बंद ठेवायची सवय लावा, त्याहून मोठा इलाज नाही. बंद फाटकाला रीड स्विच बसवायचा: एका पल्ल्याला चुंबक, खांबाला स्विच, वायर घरातल्या बेलपर्यंत. फाटक उघडलं की घंटा. काहीशे रुपयांचं काम आहे आणि कुत्र्या-वानरांचा प्रश्नच येत नाही. आमच्या दुकानाच्या मागच्या दाराला हेच आहे, इतकी वर्षं बिनतक्रार चाललंय.

---

कलालीकर

दादा, पटतंय. पण दर वेळी फाटक उघडायला ४० मीटर चालत कोण जाणार? आईचे गुडघे दुखतात, बाबांना बेल ऐकू येत नाही. दिवसा उघडं राहणारच. रात्री मात्र बंद असतं, त्यामुळे रात्रीपुरता हा रीड स्विच नक्की लावतो.

---

विद्युत_सूत्र

याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरेदीच्या आधी एकच गोष्ट ठरवा. कळायला काय हवं, गाडी की माणूस? दोन्हींसाठी एकच सेन्सर शोधायला गेलात की पुन्हा कुत्र्या-वानरांवर वाजणारी वस्तूच हातात पडेल.

तुमची जुनी बेल पीआयआर जातीची असणार. तिच्या तोंडावरचं पांढरं प्लॅस्टिक म्हणजे भिंग. ते समोरच्या जागेच्या पट्ट्या पाडतं, आणि आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका पट्टीतून दुसरीत सरकली की सेन्सर वाजतो. तिला गाडी कळत नाही, कुत्रा कळत नाही, हलणारी उष्णता तेवढी कळते. उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने हलली तरी तिच्या लेखी काहीतरी आलंच. उलटा प्रकारही होतो. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ वर गेला की माणसाच्या अंगात आणि मागच्या भिंतीत तापमानाचा फारसा फरकच उरत नाही. खोक्यावर '१२ मीटर' छापलेला सेन्सर भर दुपारी त्याच्या निम्म्यावरही माणूस पकडेल याची खात्री देता येत नाही. म्हणजे नको तेव्हा वाजतो आणि हवा तेव्हा गप्प.

पीआयआर वापरायचाच असेल तर जागा नीट निवडा. सेन्सरच्या रोखाने सरळ चालत येणारा माणूस उशिरा सापडतो, समोरून आडवा जाणारा लगेच. म्हणून तो वाटेच्या शेवटी फाटकाकडे तोंड करून न लावता वाटेच्या कडेला, पलीकडच्या कुंपणाकडे तोंड करून लावायचा. पूर्व-पश्चिम तोंड टाळायचं, समोर झुडूप नको, उंची कुत्र्याच्या पाठीच्या वर.

पण तुमच्या गरजेला बसतो तो चुंबकीय प्रोब. हातभर लांबीची नळी असते, वाटेच्या कडेला वीतभर खोल आडवी पुरतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हलत्या लोखंडामुळे होणारा बदल तिला जाणवतो. कुत्रा, वानर, माणूस, पान, ऊन, पाऊस यातलं तिला काहीच कळत नाही. मोटार तीन-साडेतीन मीटरच्या आतून गेली की मात्र हमखास कळते. मर्यादा सांगून ठेवतो: गाडी हलती हवी, स्कूटर अगदी जवळून गेली तरच सापडते, सायकलची आशा धरू नका.

---

शेडनंबर

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा प्रेसशॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायचा कारखाना. आमची अडचण जरा वेगळी. मागच्या फाटकातून मालाच्या गाड्या येतात, प्रेस चालू असताना हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. ड्रायव्हर उतरून शोधत फिरायचा, आणि चालत्या मशीनमधून परका माणूस फिरणं धोक्याचं आहे.

आम्ही लूप टाकला. मॉलच्या पार्किंगमध्ये दांडा वर जातो ना, त्याच्या आधी रस्त्यात चौकोनी खाच दिसते, तोच. कटरने काँक्रीटमध्ये खाच मारायची, वायरचे तीन-चार वेढे टाकायचे आणि वरून सील करायचं. डिटेक्टर त्या वायरमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडत असतो. वर धातू आला की लूपचं इंडक्टन्स (वेढ्यांचा चुंबकीय गुण) घटतं, फ्रीक्वेन्सी सरकते आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लागतो. चुंबकीय प्रोबपेक्षा दोन गोष्टी जास्त मिळतात. गाडी वर उभी राहिली तरी कळत राहतं, आणि ॲल्युमिनियमची बॉडी असली तरी फरक पडत नाही.

काँक्रीटमध्ये सळया फार वर असतील तर लूप कमजोर पडतो, हे कंत्राटदाराला आधी विचारून घ्या. आमच्याकडे सळई खोल होती म्हणून निभावलं. रिलेवर घंटा न लावता फिरणारा पिवळा दिवा लावलाय, डिस्पॅचच्या टेबलासमोर. दिवा फिरला की मुलगा बाहेर जातो.

घरासाठी हे फार होईल. पेव्हर ब्लॉक असतील तर तोडफोड मात्र लागत नाही, ब्लॉक उचलून खाली वायर टाकता येते.

---

दूरदेशी

मूळची कारेलीबागची, आता न्यू जर्सीत. इथे असे अलार्म सर्रास वापरतात, कारण घरं रस्त्यापासून आत असतात. आमचा रिसीव्हर फळीवर असतो, पार्सलवाला वळला की वाजतो. रेंज प्रचंड आहे. डिसेंबरात बडोद्याला येणार आहे, दादा, तुमच्यासाठी एक सेट आणू का?

---

विद्युत_सूत्र

ताई, तुमचा जीव मोठा, पण आणू नका. तिकडची बरीच उपकरणं ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, म्हणजे तुमच्या अलार्मचा पट्टा थेट त्यावर चढतो. तिकडचे लांब पल्ल्याचे काही अलार्म १५१ ते १५४ मेगाहर्ट्झच्या 'मर्स' पट्ट्यात असतात. तो अमेरिकेत विनापरवाना आहे, इथे नाही. भारतात अशा कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ मोकळा आहे, आणि कमी ताकदीच्या उपकरणांसाठी ४३३ च्या आसपासचा छोटा पट्टा. वस्तू इथलीच घ्यावी आणि खोक्यावर फ्रीक्वेन्सी वाचूनच घ्यावी.

रेंजबद्दलही सांगतो. खोक्यावरचे '८०० मीटर' मोकळ्या मैदानातले असतात. मध्ये विटांच्या दोन भिंती आणि पावसात भिजलेला आंबा आला की तो आकडा विसरायचा. विकत घेतल्यावर, काही पुरण्याआधी, सेन्सर हातात धरून फाटकापाशी उभं राहा आणि दुसऱ्याला रिसीव्हर घेऊन घरभर फिरवा. शक्यतो पावसाळ्यात, झाडं भरलेली असताना.

४० मीटरच अंतर असेल तर मी मात्र वायरच टाकेन. बॅटरी बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि उन्हात तापणाऱ्या डबीत स्वस्त सेल फुटून सर्किट खातात.

---

दूरदेशी

हे माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं. माझ्या भावासाठीही एक नेणार होते.

---

आजीची_नात

बाबांच्या ऐकण्याबद्दल लिहिते, कारण सेन्सरच्या चर्चेत तो मुद्दा मागे पडतोय आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वयामुळे कमी ऐकू यायला लागतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बाजारातल्या स्वस्त रिसीव्हरमध्ये पिझो बझर असतो, तो नेमका कर्कश 'पीं' असा वाजतो. घरातल्या बाकी सगळ्यांचे कान किटतात आणि ज्यांच्यासाठी आणला त्यांना काही ऐकूच येत नाही. आवाज मोठा करून उपयोग होत नाही, पट्टी खाली आणावी लागते. घेण्याआधी रिसीव्हरमधले सगळे सूर बाबांना ऐकवा, ते दुसऱ्या खोलीत असताना आणि टीव्ही चालू असताना. त्यांनी हात वर केला तोच सूर ठेवायचा. जुन्या धर्तीची 'डिंग-डाँग' बेल, जिच्यात दांडा धातूच्या पट्टीवर आपटतो, ती बऱ्याचदा या इलेक्ट्रॉनिक सुरांपेक्षा चांगली ऐकू येते.

आमच्या आजोबांसाठी आम्ही दिवाही जोडला. टीव्हीच्या उजव्या कोपऱ्याजवळ छोटा नारिंगी बल्ब, घंटेबरोबर तीन-चारदा लुकलुकतो. आजोबा बातम्या बघत असले तरी नजर तिकडे जातेच. पहिल्यांदा तो लागला तेव्हा ते स्वतः उठून दार उघडायला गेले. एरवी दाराशी कोण आलं हे त्यांना नेहमी दुसऱ्याने सांगायचं, आणि ते त्यांना लागायचं. बाबांना 'सांभाळायचं' म्हणून हे बसवू नका. येणाऱ्याला 'या' म्हणायला ते स्वतः पुढे जाऊ शकतील, त्यासाठी बसवा.

---

कलालीकर

ताई, हे वाचून थांबलोच. बाबांचंही अगदी असंच आहे. कोणी आलं की आई सांगते, मग ते शर्ट घालून बाहेर येतात, तोवर पाहुणा आत बसलेला असतो. दिव्याचं नक्की करतो.

---

सयाजीबागेतली

कॅमेऱ्याचं कोणीच काढलं नाही. आमच्याकडे वाटेवर कॅमेरा आहे. पडद्यावर रेघ आखून द्यायची, माणसाने किंवा गाडीने ती ओलांडली की फोनवर सूचना येते. कुत्रा-मांजर तो बऱ्यापैकी वगळतो. कोण आलं ते दिसतं, हा फायदा बाकी कशात नाही.

अडचणीही सांगते. सूचना नेटवरून फिरून येते, तोवर गाडी दारात. नेट गेलं की काहीच नाही. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि भिंगावर जाळं धरलं की ते वाऱ्याने हललं तरी गोंधळ. आठवड्यातून एकदा केरसुणी फिरवावी लागते. आणि कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्यांच्या अंगणाकडे जाणार नाही एवढं बघा. आमच्याकडे त्यावरून बोलाचाली झाली होती, मग कोन बदलला.

म्हाताऱ्या माणसांनी फोन बघत बसावं ही अपेक्षा मला चुकीची वाटते. कॅमेरा तुमच्यासाठी, पुण्यात बसून बघायला. त्यांना घरात वाजणारी घंटाच हवी.

---

मगरमित्र

कलाली म्हटल्यावर राहवलं नाही. विश्वामित्रीच्या काठचा भाग आहे, पावसाळ्यात मगरी वाटेवर येतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात शहरभर सोसायट्यांमधून मगरी सोडवाव्या लागल्या, तुमच्याकडेही तेव्हा पाणी आलं असेल. म्हणून कळकळीने सांगतो: पीआयआर सेन्सर आहे म्हणून रात्री अंगणात निर्धास्त उतरू नका. मगर थंड रक्ताची. पाण्यातून बाहेर आलेल्या मगरीचं अंग जवळपास भोवतालच्याच तापमानाचं असतं आणि ती पोट टेकून हळू सरकते. उष्णतेतला फरक शोधणाऱ्या सेन्सरला ती दिसण्याची शक्यता फार कमी, चुंबकीय प्रोबला तर अजिबात नाही. पावसाळ्यात रात्री वाटेवर भरपूर उजेड ठेवा, टॉर्च घेतल्याशिवाय उतरू नका आणि फाटकाच्या खालची फट जाळीने बंद करा. मगर दिसली तर जवळ जायचं नाही, दगड मारायचा नाही, वन विभागाला किंवा शहरातल्या बचाव संस्थांना फोन करायचा. वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. आणि ती चुकूनच आलेली असते, तिला परत नदीच हवी असते.

---

विद्युत_सूत्र

फार मोलाचा मुद्दा. मायक्रोवेव्ह किंवा रडार जातीचे सेन्सर हालचाल बघतात, तापमान नाही. पण पावसाच्या धारांवर आणि हलत्या झाडांवरही ते वाजतात, आणि मगरी येतात त्या पावसातच. त्यामुळे त्यावरही भिस्त ठेवू नका. उजेड आणि जाळी हाच उपाय.

पुरावरून आठवलं. डबीवर 'आयपी ६७' लिहिलेलं असतं ते १ मीटर पाण्यात ३० मिनिटांसाठी. तुमच्याकडे पाणी आलं तर दिवसभर, कधी त्याहून जास्त राहतं. रेझिन भरून बंद केलेला प्रोब सहसा तगतो. बुडतात ते जोड आणि कंट्रोल बॉक्स. म्हणून वाटेत एकही जोड नको, अखंड केबल टाका, आणि बॉक्स घरात, पुराची खूण जिथे उमटली आहे त्याच्या वर.

---

दांडियाबाजार

माणसासाठी काय? टेम्पो कळेल, पण चोर टेम्पो घेऊन येईलच असं नाही.

---

विद्युत_सूत्र

त्यासाठी बीम. वाटेच्या दोन बाजूंना दोन खांब, एकातून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो पकडतो, मधून कोणी गेलं की तुटतो. एका किरणाचा घेऊ नका, पक्षी किंवा पान पडलं तरी वाजेल. दोन किरणांचा घ्या, दोन्ही एकदम तुटले तरच तो वाजतो. ७५ सेंटीमीटरच्या आसपास लावला की गल्लीतला कुत्रा खालून जातो. वानर खांबावर चढून बसलं तर मात्र इलाज नाही. हा फाटकाशी न लावता पायरीच्या थोडा अलीकडे लावायचा आणि टायमरने फक्त रात्री ११ ते पहाटे ५ चालू ठेवायचा. सूर वेगळा हवा, म्हणजे अंथरुणातच कळेल की गाडी आहे का माणूस. काचा महिन्यातून एकदा पुसायच्या.

---

शेडनंबर

गणपतीत आणि लग्नकार्यात बंद करायचा स्विच हाताशी ठेवा. आणि बीम बंद आहे हे दाखवणारा लाल दिवाही, नाहीतर पाहुणे गेल्यावर चालू करायचं राहून जातं.

---

कलालीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतोय: वाटेच्या कडेला चुंबकीय प्रोब, अखंड केबल, घरात बाबांनी निवडलेल्या सुराची घंटा आणि टीव्हीजवळ दिवा. फाटकाला रीड स्विच आणि पायरीजवळ दोन किरणांचा बीम, दोन्ही रात्रीपुरते. फाटकाखाली जाळी आणि वाटेवर दिवे दिवाळीनंतरच्या कामात होते, ते आता पावसाळ्याआधी करून घेतो. कॅमेरा नंतर बघू.

एकच शंका. प्रोब फाटकापासून किती आत घ्यावा? आणि खारी केबल कुरतडतात, त्याचं काय?

---

विद्युत_सूत्र

फाटक लोखंडी आहे, पल्ला हलला की प्रोबला तेही हलतं लोखंडच. शिवाय रस्त्यावरून अवजड ट्रक गेला तर तो लांबूनही जाणवू शकतो. म्हणून ८ ते १० मीटर आत घ्या. तिथून गाडी पायरीशी पोचायला अजून तीसेक मीटर उरतात. हळू येणाऱ्या गाडीला त्यात आठ-दहा सेकंद लागतात, बाबांना उठायला तेवढा वेळ मिळतो. वाटेची रुंदी तीन मीटरच्या आत असेल तर एका बाजूला एक प्रोब पुरे. पुरण्याआधी तो नुसता जमिनीवर ठेवा, घरची गाडी दोन-चारदा आत-बाहेर करा, फाटकाची उघडझाप करा, शेजाऱ्यांची स्कूटरही एकदा न्या, आणि संवेदनशीलता जुळली की मगच खड्डा करा.

खारींसाठी केबल जाड एचडीपीई (टणक प्लॅस्टिकच्या) पाइपमधून न्या. दोन्ही टोकांना पाइपची तोंडं बंद करा, वाळवी आणि पाणी तिथूनच शिरतं. घरात शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर लावा, जमिनीतून येणारी लांब वायर वीज कडाडली की सर्किट जाळते. आंब्याच्या बुंध्याजवळून खणू नका, मुळं तुटतील आणि पुढे तीच मुळं पाइप दाबतील. चर वाटेच्या दुसऱ्या कडेने घ्या.